एका गोलाची राखण

(महाविद्यालयीन विद्यार्थिनींच्या शिबिरात केलेलं भाषण)



दोन दिवस आपण पोटगी, पंचनामा, पोलीस ठाणं असं बोलतो आहोत. आज मी फुटबॉलबद्दल बोलणार आहे. हसू नका. एम.एस.डब्ल्यू.ला आम्हाला ‘सामाजिक गटकार्य’ हा विषय होता. गट कसा बांधायचा ते त्यात शिकवलं, पण समोरचा बलाढ्य असला की त्या गटाने जिंकायचं कसं, ते काही शिकवलं नाही. ते मला एका सामन्यात सापडलं.

६ डिसेंबर १९९८. अमेरिकेतलं ग्रीन्सबरो, राज्य नॉर्थ कॅरोलायना. विद्यापीठांच्या मुलींच्या फुटबॉलची राष्ट्रीय अंतिम फेरी. (आपला फुटबॉल, ते लोक त्याला सॉकर म्हणतात.) एका बाजूला नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठ, आपल्याच राज्यात खेळणारं. एनसीएएने ही स्पर्धा १९८२ साली सुरू केली. तेव्हापासूनच्या सोळा अजिंक्यपदांपैकी चौदा यांची! दुसऱ्या बाजूला फ्लोरिडा विद्यापीठ. त्यांचा संघ सुरू होऊन जेमतेम चौथं वर्ष.

नॉर्थ कॅरोलायनाचा डाव साऱ्यांना पाठ होता, तरी सुटत नसे. बचावाला चारऐवजी तीनच मुली, पुढे तीन. चेंडू आपल्याकडे येण्याची वाट बघायचीच नाही, समोरच्यांच्या गोलापाशीच जाऊन त्यांना घेरायचं. अशा धावपळीने दम लागतो. पण कॉलेजच्या नियमांत बदली खेळाडू भरपूर वापरता येतात, पहिल्या अर्धात बाहेर काढलेली दुसऱ्या अर्धात परत येऊ शकते. म्हणून ताज्या दमाच्या मुलींची तुकडीच्या तुकडी मैदानात उतरे. त्यांचे कोच अ‍ॅन्सन डोरन्स सरावातल्या प्रत्येक झुंजीची नोंद ठेवत. कोण जिंकली, कोण हरली, त्यावरून क्रमवारी, आणि ती सगळ्यांना दिसेल अशी. मला हे क्रूर वाटतं. पण ‘मुलींना स्पर्धा मानवत नाही’ म्हणणाऱ्यांचं तोंड त्याने बंद झालं, हेही खरं.

अशा संघाविरुद्ध काय करायचं? आपल्याच गोलापाशी छोटे छोटे पास देत बसलं तर चेंडू गेलाच. तिघीच मागे असतील तर त्यांच्या पाठीमागची आणि दोन्ही कडांची जागा मोकळी राहते, तिथे लांब चेंडू टाकायचा आणि तो पायाशी धरून ठेवणारी दणकट मुलगी पुढे हवी. फ्लोरिडाकडे डॅनिएल फोटोपोलस होती. कॉलेजच्या कारकिर्दीत ११८ गोल केलेली खेळाडू. शिवाय फ्री किक. त्या क्षणी सगळी धावपळ थांबलेली असते, तुमचं घेरणं तिथे उपयोगाचं नसतं. सामन्याच्या सुरुवातीलाच फोटोपोलसने फ्री किकवर गोल केला. त्यानंतर गोल झालाच नाही. १–०.

वर्तमानपत्रात गोलाचा फोटो येतो. मला मात्र उरलेल्या वेळाचं अप्रूप वाटतं. चेंडूवर कोण धावणार, ती धावली की तिची जागा कोण भरणार, हे क्षणोक्षणी ठरवत तासाभराहून जास्त वेळ एक गोल राखायचा. आपण मनाई हुकूम मिळाला की पेढे वाटतो. दुसऱ्या दिवशी ती बाई त्याच घरात परत जाते, तेव्हा तिच्या पाठीमागची जागा कोणी भरलेली असते?

आता हा संघ आला कुठून? १९७२ साली तिथे ‘टायटल नाइन’ हा कायदा झाला. सरकारी पैसा घेणाऱ्या शिक्षणसंस्थेला लिंगभेद करता येणार नाही. त्या हेल्मेटवाल्या अमेरिकन फुटबॉलला मोठ्या विद्यापीठांत तेव्हा ८५ शिष्यवृत्त्या असत, सगळ्या मुलांच्या. त्याचा तोल साधायचा तर मुलींचा मोठा संघ हवा. म्हणून नव्वदीच्या दशकात विद्यापीठांनी भराभर मुलींचे फुटबॉल संघ काढले. फ्लोरिडाचा १९९५ चा. म्हणजे पहिला डाव मैदानावर नव्हे, हिशेबाच्या वहीत टाकला गेला होता.

फ्लोरिडाची कोच बाई होती, बेकी बर्ले. २०२१ पर्यंत तिनेच संघ सांभाळला. पण ती अपवादच म्हणायची. १९७२ साली मुलींच्या संघांपैकी नव्वद टक्क्यांहून अधिक संघांना बाई शिकवत असे. २०१४ पर्यंत हे प्रमाण ४३ टक्क्यांच्या आसपास आलं. बिनपगारी होतं तोवर बायकांचं काम, पगार आला तशी पुरुषांची रांग लागली. ओळखीचं वाटतं ना?

आणखी एक. त्याच १९९८ साली नॉर्थ कॅरोलायनाच्या दोन माजी खेळाडूंनी कोर्टात दावा लावला. कोच मुलींच्या लैंगिक आयुष्याबद्दल बोलतात, विचारतात, असा आरोप होता. डोरन्स यांनी छळाचा आरोप नेहमीच नाकारला. एकीचा दावा २००४ साली मिटला. दुसरीचा २००७ साली अपील कोर्टाने पुढे चालवायला परवानगी दिली, तो २००८ साली ३ लाख ८५ हजार डॉलर आणि कोचच्या लेखी माफीवर मिटला. तसल्या गप्पांत आपण भाग घेतला, ते योग्य नव्हतं, एवढं त्यांनी मान्य केलं. दहा वर्षं! सरावातल्या झुंजीझुंजीची नोंद ठेवणाऱ्या वहीत या गोष्टीला रकाना नव्हता.

आपल्याकडे २०१३ च्या कायद्यात ‘कामाच्या जागे’च्या व्याख्येत क्रीडासंस्था आणि स्टेडियमही येतात. हे तुमच्यातल्या किती जणींना ठाऊक आहे? हात वर करा पाहू.

बरं. जेवणाला अजून अर्धा तास आहे. कॉलेजवार गट करा आणि कागद घ्या. मैदान मुलींना किती वाजता मिळतं, चेंडूंच्या कपाटाची किल्ली कोणाकडे असते, कोच कोण नेमतं, आणि कोचविरुद्ध तक्रार असेल तर ती कोणाच्या हातात द्यायची, ते नावानिशी लिहा. नाव माहीत नसेल तर जागा कोरी सोडा. जेवणानंतर आपण कोऱ्या जागांपासूनच सुरुवात करू.