वीज, ओल आणि आपला जीव
(शेतकरी व कारागीर मंडळींपुढील व्याख्यान)



आजचा विषय पोथींतला नव्हे. तो चुलीपाशीं, भट्टीपाशीं आणि विहिरीवर रोज आपल्या हाताखालून जातो. कांहीं वस्तु उष्णता व वीज पुढें जाऊं देतात, कांहीं अडवून धरतात. जाऊं देणारीस सुवाहक म्हणतात, अडविणारीस दुर्वाहक. नांवें विद्वानांचीं असलीं तरी ज्ञान आपलेंच आहे. लोहार विळ्याचा तापलेला देठ लाकडी मुठींत ठोकतो. आंत लाकूड जळून धूर निघतो, तरी मूठ बाहेरून हातांत धरवते. लाकूड उष्णतेस सहजासहजीं वाट देत नाहीं.

थंडीच्या पहाटे कुदळीचें पातें हाताला गार लागतें, दांडा तितका लागत नाहीं. दोन्हीं रात्रभर एकाच अंगणांत होतीं, म्हणजे दोन्हीं सारखींच गार. पण लोखंड हाताची ऊब भराभर ओढून नेतें, लाकूड नेत नाहीं. तांबें तर लोखंडाच्या सुमारें पांचपट नेतें.

घोंगडी स्वतः ऊन नसते. तिच्या लोकरींत कोंडलेली हवा अंगाची ऊब बाहेर जाऊं देत नाहीं. तीच घोंगडी बर्फाभोंवतीं गुंडाळली तर बर्फ लौकर वितळत नाहीं. पण घोंगडी भिजली कीं हवेच्या जागीं पाणी शिरतें, आणि पाणी स्थिर हवेच्या वीसपटींहून अधिक उष्णता नेतें. ओल आली कीं वस्तूचा गुण पालटतो, ही गोष्ट ध्यानांत ठेवा. विजेच्या बाबतींत तिच्यावरच जीव अवलंबून आहे.

विजेचा हा भेद प्रथम उघड केला तो इंग्लंडांतील स्टीफन ग्रे यानें. हा रंगाऱ्याचा मुलगा व स्वतः रंगारी. १७२९ सालीं त्यानें तागाच्या लांब दोरींतून वीज नेली. दोरी रेशमाच्या धाग्यांनीं टांगली होती. रेशीम तुटलें म्हणून पितळेची बारीक तार लावली, तों वीज मध्येंच निसटून गेली. धागा जाड कीं बारीक हा प्रश्न नसून तो कशाचा आहे, हा प्रश्न आहे, असें त्यावरून ठरलें. पुढें १७३३ च्या सुमारास पॅरिसच्या द्यु फे यानें दोरी भिजवून पाहिली. ओल्या दोरींतून वीज अधिक चांगली गेली.

हाच नियम आपल्या अंगास लागू आहे. कोरडी कातडी विजेस बरीच अडविते; ती भिजली कीं हा अडथळा शंभरपटींपर्यंत उतरूं शकतो. घरांतील विजेचा दाब २३० व्होल्ट. कोरड्या हातांतून दोनतीन मिलिअँपिअर प्रवाह जाईल, तेथें ओल्या अंगांतून दोनशेंहून अधिक जाऊं शकतो. दहावीस मिलिअँपिअरनें हात आखडतो व तार सुटत नाहीं. शंभराच्या आसपास हृदयाची लय बिघडून माणूस दगावतो. म्हणून भर पावसांत, चिखलांत अनवाणी उभें राहून मोटारीच्या पेटीला हात लावणें म्हणजे मरणास बोलावणें होय. कोरडा हात म्हणजेही अभय नव्हे.

तेव्हां एवढें करा. लुगडीं वाळत घालण्यास लोखंडी तार नको, सुताची किंवा नायलॉनची दोरी बांधा. तारेस कोठें वीज लागली तर ओलें लुगडें ती हातापर्यंत आणतें. पेटीपुढें कोरडी फळी किंवा रबरी चटई ठेवा. घराच्या जोडणींत ३० मिलिअँपिअरला वीज तोडणारा स्विच बसवून घ्या. अर्थिंगच्या खड्ड्यांत उन्हाळ्यांत पाणी ओतीत जा. तेथें मात्र ओलच आपली राखणदार आहे, कारण ओली माती चुकार विजेस जमिनींत वाट देते.

घरांत कोणी विजेला चिकटला तर त्यास हातानें ओढूं नका. आधीं मुख्य स्विच पाडा. तें साधत नसेल तर कोरड्या फळीवर उभें राहून कोरड्या काठीनें तार दूर करा. ओली काठी ही काठी नव्हे, ती तारच समजा. श्वास थांबला असेल तर छाती दाबणें सुरू ठेवून दवाखान्याची मदत बोलवा. पण ११,००० व्होल्टांची वरची तार तुटून पडली असेल तर काठीचाही भरंवसा धरूं नका. तेथें जमिनींतही वीज पसरते. दूर राहा, गुरें दूर ठेवा, आणि वीज कार्यालयास कळवा.

बंधूंनो, विजेनें माणूस गेला कीं आपण म्हणतों, त्याची वेळ भरली होती. वेळ भरली नव्हती. हात ओला होता, आणि अर्थिंगची तार तुटून सहा महिने झाले होते. नशिबास बोल लावण्याआधीं ती तार पाहून या.