झाडावरचे घर

दिवाळी आठ दिवसांवर आली की बेळगाव, बडोदे, इंदूर, ग्वाल्हेर अशा गावांतील मराठी घरांच्या अंगणात माती, दगड, विटा आणि जुनी पोती यांची जमवाजमव सुरू होते. मुले किल्ला बांधू लागतात. बुरूज उभे राहतात, उतरणीवर मोहरी किंवा हळीव पेरला जातो, जागोजागी मातीचे मावळे पहाऱ्याला लागतात आणि सर्वांत वर शिवछत्रपती विराजमान होतात. या किल्ल्याला काय नसते? तळे असते, गुहा असते, भुयारही असते. उणीव असते ती एकच. ज्याने तो बांधला त्याला त्याच्या आत शिरता येत नाही. आणि तुळशीचे लग्न उरकते न उरकते तोच अंगण झाडताना तो मोडून टाकावा लागतो.

ही उणीव भरून काढणारी वास्तू परसातल्या झाडावर उभी राहू शकते. मोठ्या माणसांच्या घरात मुलांना कोनाडा मिळतो, क्वचित खोलीही मिळते. परंतु तेथील नियम मोठ्यांचे असतात. जमिनीपासून सहासात फुटांवर, चार फळ्यांच्या बैठकीवर जे राज्य असते, त्याचे कायदे मुले स्वतः करतात. म्हणूनच मुलाला घर जमिनीवर नको असते, झाडावर हवे असते.

ही कल्पना परदेशातून आली असे समजण्याचे कारण नाही. ज्वारीचे कणीस भरू लागले की शेताच्या मध्यभागी चार खांब रोवून माळा घालावयाचा आणि त्यावर उभे राहून गोफणीने पाखरे उडवावयाची, ही आपल्याकडील जुनी रीत आहे. बांधावरचे बाभळीचे किंवा आंब्याचे झाड सोयीचे असेल तर माळा त्याच्याच बेचक्यात बांधला जाई. हे राखणीचे काम बहुधा घरातल्या पोरांकडेच येत असे. शिकाऱ्याचे मचाण हे त्याचेच अरण्यातील भावंड. वडाच्या पारंब्यांवर सूरपारंब्या खेळणाऱ्या मुलांना तर झाड हे घरच वाटे. त्याला छप्पर घालण्याची गरज त्यांना कधी भासली नाही.

बाहेरच्या जगातही याचे दाखले आहेत. इंग्लंडमधील श्रॉपशर परगण्यात पिचफर्ड हॉल या जुन्या वाड्याच्या आवारात एका प्रचंड लिंडेन वृक्षावर सतराव्या शतकातील एक छोटे घर आहे. पुढे राणी झालेली व्हिक्टोरिया १८३२ साली तेरा वर्षांची असताना त्या घरात चढून गेली होती. केनियाच्या अरण्यातील ‘ट्रीटॉप्स’ हे अतिथिगृह वड-उंबराच्या कुळातील एका वृक्षावर १९३२ साली बांधलेले होते. १९५२ च्या फेब्रुवारीत राजकन्या एलिझाबेथ तेथे मुक्कामाला असताना इंग्लंडमध्ये तिचे पिता निवर्तले आणि झाडावर राजकन्या म्हणून चढलेली ती तरुणी खाली उतरली ती राणी होऊन.

परसातल्या मुलांना एवढ्या वैभवाची गरज नसते. त्यांना एक चांगले झाड हवे असते, आणि येथेच पहिला निर्णय घ्यावा लागतो.

आंबा, चिंच आणि वड ही झाडे या कामाला उत्तम. त्यांचा बुंधा भक्कम असतो, फांद्या आडव्या आणि जाड असतात आणि लाकूड चिवट असते. जुना कडुनिंबही चालतो. फणस चालतो, मात्र त्याची फळे बुंध्याला आणि जाड फांद्यांना लगडतात हे ध्यानात ठेवावे लागते. शेवगा, पांगारा आणि गुलमोहर यांच्या वाटेस जाऊ नये. त्यांच्या फांद्या केव्हा दगा देतील याचा नेम नसतो. जांभळाच्या फांदीवर चढलेल्या मुलाला घरातील वडीलधारी माणसे ओरडतात, त्यातही अनुभवाचेच शहाणपण आहे. नारळ-पोफळीचा प्रश्नच नाही. पिंपळ मजबूत खरा, पण आजीच्या लेखी त्यावर मुंजाचे बिऱ्हाड आधीपासून असते, आणि जागेचा हा वाद मुलांनी न उकरलेला बरा.

निवडलेल्या झाडाचा घेर छातीच्या उंचीवर निदान तीन फूट असावा. बुंध्यावर पोकळ ढोली, मुळाशी उगवलेली भूछत्रे, शेंड्याकडे वाळलेल्या फांद्या किंवा सालीतून बाहेर पडणारा भुसा दिसला, तर ते झाड आजारी आहे असे समजावे. आजारी माणसाच्या खांद्यावर कोणी मूल बसवीत नाही. झाडालाही तोच न्याय लावावा. वरून विजेची तार जात असेल तर तो बेत तेथेच सोडून द्यावा.

यानंतरची गोष्ट अनेकांच्या ध्यानात येत नाही. झाड वाढते म्हणजे ते रबरासारखे वर ताणले जाते अशी समजूत असते. वास्तविक झाडाची उंची वाढते ती केवळ शेंड्यांच्या टोकांशी. बुंध्यावर चार फुटांवर मारलेला खिळा वीस वर्षांनीही चार फुटांवरच सापडतो. पण बुंधा जाड होत असतो. सालीच्या लगेच आत एक अतिशय पातळ जिवंत थर असतो. तो आतल्या बाजूस लाकूड आणि बाहेरच्या बाजूस साल निर्माण करतो. पानांत तयार झालेले अन्न मुळांकडे जाते तेही याच आतल्या सालीतून. म्हणून बुंध्याभोवती तार किंवा दोरखंड आवळून बांधणे हे वरवर निरुपद्रवी दिसले, तरी झाडाच्या दृष्टीने तो गळफास असतो. पहिल्या वर्षी काही दिसत नाही. पुढे तार सालीत रुतते, मुळांची उपासमार होते आणि एके दिवशी धडधाकट वाटणारे झाड कारण न कळता वाळू लागते. ज्या दोरीने खिळा टाळून दया दाखविली असे वाटत होते, तिनेच घात केलेला असतो.

याउलट एकच जाड बोल्ट झाड बहुधा सोसते. अमेरिकेच्या वनखात्यातील शास्त्रज्ञ ॲलेक्स शायगो यांनी हजारो वृक्ष उभे चिरून त्यांच्या जखमांचा अभ्यास केला. १९७० नंतरच्या काळात त्यांनी मांडलेला निष्कर्ष असा की, माणसाची जखम भरून येते, झाडाची तशी भरून येत नाही. झाड जखमी भागाभोवती भिंती उभारून तिला कोंडून टाकते आणि तिच्यावरून नवे लाकूड चढवून पुढे वाढत राहते. म्हणजे प्रत्येक जखम झाडाच्या अंगात कायमची राहते. तेव्हा वीतभर जागेत वीस खिळे ठोकण्यापेक्षा दूर अंतरावर दोनतीन जाड बोल्ट गिरमिटाने भोक पाडून बसविणे कितीतरी बरे. जवळजवळच्या जखमा एकमेकींना मिळतात आणि आतून कूज पसरते.

परंतु साध्या परसासाठी याहूनही सरळ मार्ग आहे. झाडाच्या चहूबाजूंना चार खांब उभे करावेत, त्यांवर तुळया टाकाव्यात आणि सारा भार जमिनीवर सोपवावा. झाडाने केवळ सावली द्यावी, पाने द्यावीत आणि मधून आपला बुंधा वर काढावा. मुलांच्या दृष्टीने ते झाडावरचेच घर राहते; झाडाच्या दृष्टीने तो केवळ शेजार होतो. खांबांचे खड्डे खणताना जाड मूळ लागले तर ते तोडू नये, खड्डाच हातभर सरकवावा.

वजनाचा हिशोब आधी मांडावा. आठ फूट लांब आणि सहा फूट रुंद अशी बैठक एक इंच जाडीच्या सागाच्या फळ्यांची केली, तर नुसत्या फळ्यांचेच वजन सत्तर किलोच्या आसपास भरते. तीस किलोची पाच मुले वर चढली की दीडशे किलो वाढतात, आणि मुले स्थिर बसत नाहीत, उड्या मारतात. यासाठी सांगाडा जड माणसे वावरणार आहेत असे धरूनच करावा. साग महाग वाटला तर जुन्या घराच्या मोडीतले वासे आणि तुळया पाहाव्यात. मात्र त्यांत वाळवी नाही याची खात्री करून घ्यावी. ओळंबा आणि पाणसळ ही दोन साधने हाताशी असल्यावाचून कामाला हात घालू नये. फळ्यांमध्ये पाव इंच फट ठेवावी, म्हणजे पावसाचे पाणी साचत नाही. आणि बुंधा जेथून वर निघतो तेथे चोहोबाजूंनी किमान दोन ते तीन इंच जागा मोकळी सोडावी. झाड वाऱ्याने हलते आणि वर्षावर्षाने जाड होते. ही मोकळी जागा म्हणजे सुताराची चूक नव्हे, ती झाडाच्या हक्काची जागा होय.

आता भीतीचा प्रश्न. तो टाळण्यात अर्थ नाही, कारण याच प्रश्नावर बहुतेक घरांत हा बेत मोडतो. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील एका पाहणीत १९९० ते २००६ या काळातील झाडावरच्या घरांतून झालेल्या अपघातांचा विचार केलेला आहे. दरवर्षी सरासरी सुमारे २,८०० मुलांना उपचारांसाठी रुग्णालय गाठावे लागले. बहुतेक दुखापती पडण्यामुळे झाल्या आणि हाड मोडण्याचे प्रमाण त्यांत मोठे होते. दहा फुटांहून अधिक उंचीवरून पडलेल्या मुलांना रुग्णालयात ठेवून घ्यावे लागण्याची शक्यता दुपटीच्या घरात गेली. यातून निघणारा धडा ‘घर बांधू नका’ असा नाही. ‘घर उंच बांधू नका’ असा आहे. सहासात फुटांची उंची मुलाला गगनभेदी वाटते आणि आईला सोसवते. कठडा निदान सव्वातीन फूट असावा आणि त्याच्या उभ्या पट्ट्यांत साडेतीन इंचांहून अधिक अंतर नसावे, म्हणजे लहानग्याचे डोके अडकत नाही. पट्ट्या आडव्या ठोकू नयेत. मुले त्यांची शिडी करतात. लोंबती दोरी ठेवू नये, कारण खेळताना तिचा फास होतो. खाली फरशी, विटांची कड, तुळशीवृंदावन किंवा विहिरीचा काठ नसावा. नऊ ते बारा इंच जाडीचा वाळूचा किंवा पालापाचोळ्याचा थर असावा.

एवढे केल्यावरही भीती थोडी उरतेच, आणि ती थोडी उरावी हेच योग्य आहे. जे मूल आपले पाऊल कोणत्या पायरीवर पडते आहे हे स्वतः पाहते, ते सावध होते. ज्याला प्रत्येक पायरीवर उचलून धरले जाते, ते पडण्याची कला कधीच शिकत नाही.

शेवटी बांधणार कोण, हा प्रश्न उरतो. हौशी वडील सुतार बोलावतात, सुट्टीच्या चार दिवसांत रंगीत खिडक्यांचे, कौलारू छपराचे सुबक घर तयार करून घेतात आणि मुलांना दाखवितात. मुले आठ दिवस चढतात, मग पाहुण्यांना दाखविण्यापुरते ते घर उरते. असे का होते याचे उत्तर दिवाळीच्या किल्ल्यात आहे. बाजारातून आणलेला तयार किल्ला कोणत्याही मुलाला स्वतःच्या वेड्यावाकड्या किल्ल्याइतका प्रिय होत नाही. तेव्हा खांब, तुळया आणि बोल्ट ही जोखमीची कामे मोठ्यांनी आणि जाणत्या सुताराने करावीत. बाकीचे मुलांवर सोडावे. घेर त्यांनी मोजावा, कागदावर आकृती त्यांनी काढावी, फळ्या त्यांनी घासाव्यात, छप्पर ताडपत्रीचे की झावळ्यांचे हे त्यांनी ठरवावे. त्यांनी मारलेला एखादा खिळा वाकला तर तो तसाच राहू द्यावा. त्या वाकड्या खिळ्यावर त्यांची मालकी नोंदलेली असते.

बांधकामाला पावसाळ्यानंतरचे दिवस चांगले. जमीन घट्ट होऊ लागलेली असते, आंब्याला मोहोर यावयाचा असतो आणि दिवाळीची सुट्टी हाताशी असते. पुढे दरवर्षी मृगापूर्वी एक फेरी मारावी. बोल्टच्या चाक्या सैल झाल्या आहेत का, फळी कुजली आहे का, पाने शिवून घरटी करणाऱ्या तांबड्या मुंग्यांनी ठाणे मांडले आहे का, हे पाहावे. वादळवारा असेल तेव्हा वर कोणीही जाऊ नये, हा नियम मात्र मोठ्यांचा असावा.

आणि एक काम दर तीनचार वर्षांनी करावे लागते. बुंध्याभोवती सोडलेली मोकळी जागा भरत आलेली असते. झाड फळ्यांना टेकू लागलेले असते. करवत घेऊन ती कड आणखी दोन इंच कापावी लागते. पहिल्या खेपेस करवत वडिलांच्या हातात असते आणि मूल फळी धरून उभे असते. पुढच्या खेपेस बहुधा हे उलट झालेले असते. झाडही वाढलेले असते आणि फळी धरणारे मूलही. घर मात्र तेवढेच राहिलेले असते, आणि दोघांनाही वाढू दिले हेच त्या घराचे सार्थक होय.