आखाड्यातून संपादकाच्या मेजावर



मुकणे घराण्याच्या जव्हार या जुन्या संस्थानी राजधानीत, आरोग्य आणि विज्ञान या विषयांवर लेखणी चालविणाऱ्या आपणां सर्वांचे स्वागत करताना मला ज्या पुरुषाचे स्मरण होते तो या मुलुखातला नव्हे. तथापि आपल्या व्यवसायाच्या पूर्वसूरींत त्यास अग्रपूजेचा मान द्यावा, असे माझे मत आहे.

डभोईस १८८३ साली जन्मलेले जगन्नाथ गणेश गुणे, म्हणजेच पुढील स्वामी कुवलयानंद, बडोद्यास राजरत्न माणिकरावांच्या जुम्मादादा व्यायाम मंदिरात तालीम घेऊन तयार झाले, नर्मदाकाठी मालसर येथे परमहंस माधवदासांपाशी योग शिकले आणि १९२४ साली लोणावळ्यास कैवल्यधाम स्थापून त्याच वर्षी ‘योगमीमांसा’ हे त्रैमासिक काढते झाले. (ते इंग्रजीत निघाले, ही मराठी वाचकाची तक्रार मी येथे दाखल करून ठेवतो.) कसलेला देह आणि गुरूवरील निष्ठा, एवढ्या भांडवलावर पुष्कळांनी चमत्कारांची दुकाने थाटली, या गृहस्थांनी मात्र नौली ही पोटाचे स्नायू फिरविण्याची योगक्रिया चालू असता मोठ्या आतड्यातील दाब नळी व दाबमापक लावून मोजला, तो बाहेरील हवेच्या दाबाखाली उतरतो असे आढळताच बस्तीत, म्हणजे आतडे धुण्याच्या योगक्रियेत, पाणी आपोआप वर का चढते याचा उलगडा केला, आणि त्या निर्वाताला गुरू माधवदासांचे नाव दिले. निष्ठा नावापुरती राहिली. आकड्यात तिने ढवळाढवळ केली नाही.

ज्याने आखाड्यात घाम गाळला आहे त्यास देह अन्नावाचून घडत नाही हे निराळे सांगावे लागत नाही, आणि म्हणूनच हे स्मरण मी जव्हारात करीत आहे. १९९२-९३ साली याच तालुक्यातील वावर-वांगणीच्या कुपोषणजन्य बालमृत्यूंची वार्ता वृत्तपत्रांतून गाजली, तेव्हा कुठे मुंबईच्या दरबारी आमची दखल घेतली गेली. परंतु दिवाळीनंतर कुटुंबेच्या कुटुंबे वसई-भिवंडीकडे वीटभट्ट्यांवर जातात आणि लेकराच्या वजनाची नोंद येथल्या अंगणवाडीच्या दप्तरात मध्येच तुटते, ही गोष्ट मृत्यूइतकी खळबळजनक नसल्यामुळे तिला क्वचितच मथळा मिळतो.

उद्या सकाळी आपण अंगणवाडीस भेट देणार आहोत. तेथे भाषणे ऐकण्यापेक्षा वजनकाटा, दंडघेराची पट्टी आणि नोंदवही मागून घ्यावी. दुपारच्या भोजनास नागलीची भाकरी व उडदाची आमटी योजिली आहे. पक्वान्नाची अपेक्षा कृपया ठेवू नये.