जुन्या वास्तूंची राखण



निपाणीपासून कोल्हापूर ते किती दूर? दिवसा बाजारपेठेतील काम उरकावे, सायंकाळी नाटक पाहावे आणि रात्री घरी परतावे, हे आपल्या भागातील रसिकांना नवीन नाही. म्हणूनच ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री तेथील केशवराव भोसले नाट्यगृहास आग लागली, तेव्हा सीमेच्या अलीकडेही अनेकांची मने हळहळली. राजर्षी शाहू छत्रपतींच्या प्रेरणेने १९१५ साली उभे राहिलेले हे नाट्यगृह. पुढे त्यास ज्यांचे नाव देण्यात आले, त्या केशवरावांनी १९०८ साली हुबळीस ललितकलादर्श मंडळी स्थापिली होती. त्यांच्या जयंतीच्या आदल्याच रात्री त्यांचा रंगमंच भस्मसात व्हावा, हा दैवदुर्विलासच म्हणावयाचा. प्राणहानी झाली नाही, एवढेच समाधान.

भक्कम दगडी वास्तूस आगीचे काय भय, असे पुष्कळांस वाटते. परंतु दगड जळत नसला तरी त्याच्या आत जे असते ते जळते. वर्षानुवर्षे वाळलेले लाकूड, पडदे, गाद्यांच्या खुर्च्या, छताखालचे पातळ तक्ते, हे सारे आगीचे खाद्यच होय. छत आणि आढे यांमधील पोकळीत ठिणगी शिरली, तर ती खालून दिसत नाही. दिसते तेव्हा छप्पर पेटलेले असते.

दुसरे भय विजेचे. मूळच्या तारा चार दिवे व दोन पंखे यांपुरत्या घातलेल्या असतात. पुढे त्यांवरच ध्वनिक्षेपक, प्रखर दिवे आणि वातानुकूलन यंत्रे यांचा भार पडतो. आम्ही वर्गात मुलांना शिकवितो की, तारेतील प्रवाह दुप्पट झाला म्हणजे उष्णता चौपट होते. भार वाढताच फ्यूजची तार वितळावी व प्रवाह बंद पडावा, अशी योजना असते. परंतु ती वारंवार जाते म्हणून तेथे जाड तार बसविण्यात येते, आणि पहारेकऱ्याचेच तोंड आपण बांधून ठेवतो!

साधने आणली की काम संपले, असेही नाही. पॅरिस येथील नोत्र दाम हे साडेआठ शतकांचे कॅथीड्रल १५ एप्रिल २०१९ रोजी पेटले. तेथे धोक्याची सूचना देणारी यंत्रणा होती. तिने वेळेवर सूचनाही दिली. परंतु पाहणारा मनुष्य चुकीच्या माळ्यावर गेला आणि अग्निशामक दलास कळविण्यापूर्वी सुमारे अर्धा तास निघून गेला. तेवढ्यात माथ्यावरील ओकच्या तुळयांचे अरण्यच पेटले. यंत्र बोलले, त्याची भाषा माणसांस उमगली नाही.

वास्तू पुन्हा बांधता येते; नोत्र दामही २०२४ च्या डिसेंबरात पुन्हा उघडले. गेलेली माणसे मात्र परत येत नाहीत. दिल्लीच्या उपहार चित्रपटगृहात १३ जून १९९७ रोजी ५९ जीव गेले. तेथे जादा खुर्च्या मांडून बाहेर पडण्याची एक वाट अडविण्यात आली होती. चार तिकिटे अधिक खपावीत म्हणून वाट अडवावी, याहून महाग सौदा कोणता?

आपल्या बेळगावात १८४८ साली स्थापन झालेले सार्वजनिक वाचनालय आहे. गावोगावी जुन्या शाळा, मंदिरे, चर्चे व सभागृहे आहेत. निपाणीकर तंबाखूच्या वखारीत ठिणगी पडू नये म्हणून डोळ्यांत तेल घालून जपतात. तीच दक्षता जे सर्वांचे आहे त्याच्या वाट्यास का येऊ नये? जे सर्वांचे, ते कोणाचेच नाही, ही वृत्तीच खरी ज्वालाग्राही होय.

यास फार पैसा लागतो असेही नाही. जिन्याखालची व रंगमंचामागची अडगळ काढावी. तारांची तपासणी जाणत्या माणसाकडून वर्षातून एकदा तरी करवावी. रात्री मुख्य खटका बंद करण्याचे काम एका ठरावीक व्यक्तीकडे असावे. कार्यक्रम चालू असता एकाही दारास कुलूप नसावे. आग दिसताच प्रथम अग्निशामक दलास १०१ किंवा ११२ या क्रमांकावर कळवावे, हे शिपायापासून अध्यक्षापर्यंत सर्वांस पाठ असावे, आणि वर्षातून दोनदा त्याची रंगीत तालीमही व्हावी.

पुढच्या वेळी आपण एखाद्या जुन्या सभागृहात जाल तेव्हा बसण्यापूर्वी बाहेरची दुसरी वाट कोठे आहे, ती उघडी आहे की नाही, एवढे अवश्य पाहा. आणि ती बंद आढळल्यास संकोच न करता चालकांस विचारा. पूर्वजांनी बांधून ठेवलेल्या वास्तूंची राखण अशा साध्या प्रश्नांनीच सुरू होते.