प्लेटलेटचा आकार आणि शिरांतल्या गुठळ्या



डेंग्यूच्या कृपेने प्लेटलेट आपल्याकडे घरोघरी पोचल्या. साथ आली की कुणाच्या किती उतरल्या याची चर्चा जिन्यात रंगते आणि पपईच्या पानांच्या रसाचे पेले फिरू लागतात. ही सगळी चर्चा संख्येची. पण सीबीसी या रक्ततपासणीच्या त्याच कागदावर एमपीव्ही नावाची आणखी एक ओळ असते. ती प्लेटलेटचं सरासरी आकारमान सांगते. हल्ली रिपोर्ट थेट मोबाइलवर येतो. त्या ओळीपुढे ठळक खूण दिसली की माणूस रात्रभर इंटरनेट चाळतो आणि सकाळी दारात हजर: ‘डॉक्टर, मला गुठळी होणार का?’

प्लेटलेट ही पूर्ण पेशी नव्हे. अस्थिमज्जेतल्या मेगाकॅरिओसाइट नावाच्या धिप्पाड पेशींचे ते सुटे झालेले तुकडे. 1882 साली इटलीच्या बिझोझेरो यांनी जखमी रक्तवाहिनीच्या भिंतीला हे कण चिकटताना सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले. ते येतात कुठून हे 1906 मध्ये जेम्स होमर राइट यांनी दाखवलं. प्लेटलेटचं आयुष्य सात ते दहा दिवसांचं. आकारमान साधारण 7 ते 12 फेम्टोलिटर, म्हणजे तांबड्या पेशीच्या जेमतेम दहावा हिस्सा. आकाराने मोठी प्लेटलेट जास्त कामसू असते: तिच्या पोटात गोठण्याला मदत करणाऱ्या द्रव्यांचे कण अधिक, आणि ती चिकटतेही चटकन.

आता शिरांकडे वळू. हृदयविकाराच्या झटक्यातली धमनीतली गुठळी प्लेटलेटची आणि पायाच्या शिरेतली गुठळी साकळलेल्या रक्ताची, अशी वाटणी आम्ही विद्यार्थी असताना पाठ केली होती. ती सोयीची होती, पण अर्धवट. पोटरीच्या खोल शिरांत झडपा असतात. माणूस चालतो तेव्हा पोटरीचे स्नायू रक्त वर ढकलतात. शस्त्रक्रियेनंतर तो पडून राहिला की झडपेमागच्या खाचेत रक्त घुटमळतं, तिथला प्राणवायू घटतो आणि शिरेचं अस्तर बिथरतं. तिथे पांढऱ्या पेशी येतात, त्यांच्या जोडीने प्लेटलेटही येतात. एरवी शिरेतल्या गुठळीच्या उपचारात दुय्यम मानलेल्या अ‍ॅस्पिरिनची 2012 मध्ये दोन मोठ्या चाचण्यांत परीक्षा झाली. रक्त पातळ करणाऱ्या औषधांचा नेहमीचा काळ संपल्यावर ती दिली, तर पुन्हा गुठळी होण्याचं प्रमाण सुमारे एक तृतीयांशाने घटतं, असं दोन्हींचा एकत्र हिशेब मांडल्यावर दिसलं. अ‍ॅस्पिरिनचा मारा प्लेटलेटवर. म्हणजे शिरेतल्या गुठळीतही त्यांचा हात आहेच.

मग आकाराचं काय? नॉर्वेच्या उत्तर टोकाला, ध्रुववृत्तापलीकडे, ट्रोम्सो नावाचं गाव आहे. तिथे 1994-95 मध्ये सुमारे 26 हजार लोकांचं रक्त तपासलं गेलं आणि पुढे बारा-एक वर्षं कुणाला शिरेत वा फुप्फुसात गुठळी झाली याची नोंद ठेवली गेली. ज्यांचा एमपीव्ही 9.5 फेम्टोलिटर वा त्याहून जास्त, त्यांना 8.5 पेक्षा कमी असलेल्यांच्या मानाने धोका 1.3 पट निघाला. शस्त्रक्रिया, कॅन्सर असं काही निमित्त नसताना झालेल्या गुठळ्यांत 1.5 पट. ‘दीडपट’ ऐकून घाबरायला होतं. पण एवढ्या वर्षांत गुठळी झाली ती शंभरात दोघांनाही नाही. मुळातच लहान असलेल्या आकड्याची दीडपट लहानच राहते.

आणि हा एमपीव्ही मोठा चंचल. तुमचं रक्त जांभळ्या बुचाच्या नळीत घेतात. तिच्यातल्या ईडीटीए या रसायनामुळे रक्त गोठत नाही, पण चपट्या प्लेटलेट हळूहळू गोलसर होऊन फुगतात. नळी दोन तास टेबलावर राहिली तर आकडा वाढतो. त्यात तुमच्या तब्येतीचा काही संबंध नसतो. एक यंत्र विजेच्या अडथळ्यावरून मोजतं, दुसरं प्रकाशावरून, आणि दोघांचं जमेलच असं नाही. दोन लॅबमधले एमपीव्ही शेजारी ठेवून कपाळाला आठ्या घालणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं.

नुसत्या आकाराला दोष देणंही खरं नाही. बर्नार्ड-सुलिए नावाच्या दुर्मीळ आनुवंशिक आजारात प्लेटलेट राक्षसी मोठ्या असतात, तरी रोग्याला गुठळ्या होत नाहीत, उलट रक्तस्राव होतो. चिकटण्यासाठी लागणारं प्रथिनच त्यांच्यावर नसतं. आपल्याच देशात, बंगालमधल्या धडधाकट रक्तदात्यांत, मोठ्या आणि संख्येने कमी प्लेटलेट आढळल्या आहेत. त्यांना कसलाच त्रास नाही. माझं मत विचाराल तर केवळ एमपीव्ही पाहून कुणाला औषध देऊ नये.

डॉक्टरांना काय सांगावं, तर घरात आधी कुणाला गुठळी झाली होती का, गर्भनिरोधक गोळ्या चालू आहेत का, नुकतं ऑपरेशन, बाळंतपण वा लांबचा विमानप्रवास झाला का. एकच पाय अचानक सुजला, पोटरी दुखू लागली, गरम लागली, तर तेल चोळून मालीश करत बसू नका. त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा, ते डॉपलर सोनोग्राफी करून घेतील. आणि सोबत धाप लागली, छातीत कळ आली, तर गुठळी फुप्फुसात गेलेली असू शकते; सोनोग्राफीच्या रांगेत न थांबता थेट इस्पितळ गाठा.