आत कोण जाणार?

परळ-लालबागला गिरणीच्या जागेवर टॉवर उठला, की उंचीचं कौतुक दोन दिवस टिकतं. मग लोक विचारतात, आत कोण राहणार?

मला तेव्हा तंजावरजवळचं ओरत्तनाडु आठवतं. तिथे दुसऱ्या सरफोजीराजांनी मुक्तांबाच्या नावे छत्र बांधलं. कोरीव खांब, राजवाडाच म्हणा ना! पण वाटसरू आत जेवत, मुलं शिकत. छत्रांवर कंपनी सरकारची नजर होती, म्हणून 1801 मध्ये राजांनी रेसिडेंटला कळवलं, इथे जात न पाहता अन्न मिळतं.

आपल्याकडे 1991 च्या नियमाने गिरण्यांच्या जमिनीत पालिकेला आणि म्हाडाला वाटा दिला. 2001 मध्ये दुरुस्ती झाली, वाटणी फक्त मोकळ्या जागेची उरली. बहुतेक जमिनीवर तर गिरण्याच उभ्या होत्या.