तीन बोटं आणि एक फोटो
(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यातील भाषण)



सरांचा आदेश आहे, "दातांचा डॉक्टर झालास, पाच मिनिटं उपयोगाचं बोल." तर आधी एक करा. हाताची मधली तीन बोटं एकावर एक धरा आणि उभी तोंडात घाला. हसू नका, घाला. ज्यांची जात नाहीत त्यांनी मला भेटल्याशिवाय घरी जायचं नाही. सुपारीनं गालाची आतली कातडी आखडत जाते, तोंड उघडेनासं होतं, आणि अशा तोंडात पुढे कर्करोगाचा धोका वाढतो.

आपल्या नगर जिल्ह्यात, आता अहिल्यानगर म्हणायचं, मावा कुठे मिळतो हे मी तुम्हाला सांगायला नको. राज्यात २०१२ साली गुटखा बंद झाला, मावा समोर घोटून मिळतो. बायकांची मशेरी वेगळीच; तिला आपण व्यसनात धरतच नाही. २०१६-१७ च्या सरकारी पाहणीत महाराष्ट्रात दर चार प्रौढांमागे जवळजवळ एक जण धूरविरहित तंबाखू घेणारा निघाला.

आता कृत्रिम बुद्धिमत्तेचं. बंगळुरूच्या केएलई दंत महाविद्यालयातले डॉक्टर आणि अमेरिकेतल्या ॲरिझोना विद्यापीठातले अभियंते यांनी मोबाईलला जोडायचं एक उपकरण केलं. त्याचा शोधनिबंध २०१८ साली आला. ते तोंडातला फोटो दोनदा घेतं, साध्या उजेडात आणि जांभळट-निळ्या उजेडात. त्या निळ्या उजेडात निरोगी कातडी हिरवट चमकते, बिघडलेली जागा काळपट दिसते. तज्ज्ञांनी तपासून शेरे मारलेले फोटो दाखवून संगणकाला शिकवलंय. नवा फोटो आला की तो सांगतो, ठीक आहे की संशय आहे. वाडीवर तज्ज्ञ नसतो, पण आशाताईच्या हातात मोबाईल असतो. फायदा तिथे आहे.

पण यंत्राला भुलू नका. साधी सूज आली तरी जागा काळपट दिसते. तोंडच उघडत नसेल तर कॅमेरा आत जाणार कसा? आणि "संशय" म्हणजे कर्करोग नव्हे; तुकडा काढून तपासल्याशिवाय खरं कळत नाही. शिवाय धोक्याचा अंदाज बांधताना वय आणि व्यसन विचारावं लागतं. माझ्या खुर्चीत रोज ऐकतो, "कधीतरी खातो, डॉक्टर." खिशात दोन पुड्या असतात. खोट्या माहितीवर कुठला संगणक खरं सांगणार?

केरळात तिरुवनंतपुरम जिल्ह्यात १९९६ पासून, डॉक्टर नसलेल्या पण शिकवून तयार केलेल्या कार्यकर्त्यांनी नुसत्या डोळ्यांनी लोकांची तोंडं तपासली. २००५ साली निष्कर्ष छापून आले: तंबाखू-दारू घेणाऱ्यांत तोंडाच्या कर्करोगानं होणारे मृत्यू सुमारे एक तृतीयांशानं घटले. बघण्यात एवढी ताकद आहे. यंत्र त्या बघण्याला मदत करतं, इतकंच.

आपल्यातला एक जण दुसऱ्या रांगेत बसलाय. मागच्या मेळाव्यात तो मोठ्यानं हसला, तेव्हा त्याच्या गालात मला पांढरा चट्टा दिसला. संगणक नव्हता, काही नव्हतं. म्हटलं, "उद्या ये." म्हणाला, "ऊस जाऊ दे, मग येतो." आला आठ महिन्यांनी. अर्धा जबडा काढावा लागला. त्याला आता नीट बोलता येत नाही, काल त्यानं मोबाईलवर लिहून पाठवलं, "माझं सांग. नाव नको घेऊ, सगळे ओळखतीलच." आणि मलाही तेव्हा एकदाच सांगून गप्प बसायला नको होतं. त्याच्या घरी जाऊन त्याला गाडीत घालून आणायला हवं होतं.

आज माझ्याकडे ते उपकरण नाही. बॅटरी, आरसा आणि हातमोजे आणलेत. आपल्या जुन्या दहावी 'ब'च्या वर्गात बसतो. जेवणाच्या आधी या; आमटी ओरपल्यावर सगळ्यांचेच गाल पिवळे दिसतात. मावा तोंडात असेल तर चूळ भरून या, आणि ती भिंतीवर नको, भिंत गेल्याच आठवड्यात आपल्याच वर्गणीतून रंगवलीय.